पी की एलटी

ऑर्व्हल ब्रेक्के आत आला, टोपीवरचा बर्फ
पायपुसण्यावर झटकला, काउंटरवर कोपरं टेकली.
"चार दे. नेहमीचेच."

नेहमीचे म्हणजे एलटी, दहा प्लायचे.
एकवीस वर्षं त्याच्या पिकअपला मी तेच चढवतोय.
जाड कुशीचे, हेकट,
ऐंशी पौंड हवा पोटात घेऊन
मागे वासरांचा ट्रेलर असला तरी न वाकणारे.

मी साइझ टाइप केला. मग उगाचच विचारलं,
"ट्रेलर ओढतोस अजून?"
"ऑक्टोबरात विकला."
"आणि वासरं?"
तो भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत राहिला,
जणू त्यांच्यातलं कुणी बोलेल.

नंतर म्हणाला, आर्डिसला आठवड्यातून तीनदा
डिकिन्सनला न्यावं लागतं. डायलिसिस.
अठ्ठावन्न मैल जायला, तेवढेच यायला.
येताना ती दाराचं हँडल धरून बसते,
पुलाचा सांधा आला की आधीच डोळे मिटते.
पूल त्याला पाठ झालेत. एकोणीस.

मग मी दुसरा टायर खाली काढला.
बघ, आकड्याआधी पी आहे. पी म्हणजे पॅसेंजर.
कूस मऊ, वजनाला हलका, पस्तीस पौंडांवर खूश,
पेट्रोलही कमी पिईल.
तुझी गाडी अर्ध्या टनाची, दोन्ही चालतात तिला.
फक्त एक, हा पिकअपला लावला
की कुशीवर लिहिलेला भार खरा धरायचा नाही,
एक पूर्णांक एकने भागायचा.
कारखान्याला माहीत असतं,
पिकअपवाला सांगतो त्यापेक्षा जास्त लादतो.

ऑर्व्हल हसला. तेवढ्यापुरता.
टायरच्या कुशीत अंगठा रोवून बघितला,
वासराची बरगडी चाचपतात तसा,
आणि हात मागे घेतला.
मला कळलं. हा घेतला
तर गोठ्याचं दार शेवटचं लावल्यासारखं होईल,
तेही माझ्या दुकानात, बिल फाडून.

आर्डिस दार ढकलून आत आली तेव्हा आम्ही दोघं गप्प होतो.
कोटाची डावी बाही रिकामी,
सुयांचा हात आत, छातीशी जपलेला.
"हीटर बंद करून गेलास," ती म्हणाली,
आणि बुटाच्या टोकाने टायर ढोसला.
"हा कुठला?"
"मऊ आहे. तुझ्यासाठी."
"माझ्यासाठी."
तो शब्द तिने जरा वेळ तोंडात धरून ठेवला.
"फाटकापासून डांबरापर्यंत तीन मैल लाल खडी आहे, ऑर्व्हल.
सुरीच्या धारेची. जानेवारीत, उणे तीसमध्ये,
तिथे टायर फाटला तर काय करायचं,
मऊ बसून राहायचं दोघांनी?
हादरे मी सोसते. उशीर नाही सोसवत."

एलटीच चढवले.
सही करताना तो तिच्याकडे बघत नव्हता,
पण कान लाल झाले होते,
आणि जुन्या टायरांच्या विल्हेवाटीच्या वीस डॉलरवरून
दरवर्षी होणारं आमचं भांडण
यंदा झालंच नाही.

शेवटचं चाक आवळलं, काटा पाहिला.
सवयीने ऐंशी भरली होती मी.
मागे आता ओढायचं काही नाही. पन्नास पुरे.
व्हॉल्व्हचं टोपण काढून सुई दाबली.
हवा सुटत राहिली, बराच वेळ,
म्हातारं कुत्रं झोपेत सोडतं तशी.

"किती ठेवतोयस?" ऑर्व्हल पाठीशी येऊन उभा.
"पन्नास."
"पंचावन्न ठेव. कधी गवताच्या गासड्या आणायच्या झाल्या तर."
"पन्नास," गाडीतून आर्डिस म्हणाली. काच वर होती,
कसं ऐकू गेलं कोण जाणे.

मी बावन्नवर थांबलो.
चारही चाकांना.
दोघांनाही सांगितलं नाही.