आधी सगळे हलके

सकाळी सुरू केली की टिकटिक.
उणे अठराला तर असं वाटायचं
कुणी लोखंडी नखांनी दार वाजवतंय.
दहा मिनिटांत गाडी तापते,
बिडाची भेग फुगून आपोआप मिटते
आणि मॅरिएल म्हणते, बघ मामा, झाली बरी.

बरी नाही गं झाली.
अंगात ताप असला की काही दुखणी बोलत नाहीत, एवढंच.

सडबरीत नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ.
त्यामुळे माणसं घसरत नाहीत
आणि गाड्या विरघळतात.
तिची होंडा अठरा वर्षांची,
तिच्याहून एका वर्षानं धाकटी.

हेडर निवडण्यात तीन आठवडे गेले.
भंगारवाल्या ओव्हिलाकडे जुना होता, चाळीस डॉलर.
त्यालाही त्याच जागी केसाएवढी रेघ.
ओरखडा आहे, ओव्हिला म्हणाला.
मी नख फिरवलं.
नख अडकलं.

दुसरा चकचकीत, पोस्टानं येणारा,
चारही नळ्या एकदम एका तोंडात सोडणारा.
तिच्या बेकरीतला पोरगा त्यावर फिदा :
वरच्या आकड्यांना काय पळेल गाडी!
मॅरिएल पहाटे चारला कामावर निघते.
वाटेत पाच सिग्नल, एक रेल्वे फाटक.
वरचे आकडे तिनं बघितलेत कधी?
शिवाय तो पोटाखाली इतका लोंबतो
की आमच्या गल्लीतला गोठलेला ढिगाराच
त्याला ओरबाडून ठेवून घेईल.

शेवटी तिसरा.
चाराच्या दोन, दोनाची एक.
बसायची पट्टी जाड,
सेन्सरचं भोक जिथल्या तिथं.
महाग.
अर्धे मी देतो म्हटलं, तर म्हणाली,
तू हात दे.

दिले.
नऊ नट. दोन रात्री तेल पाजत होतो.
सात सुटले, कुरकुरत.
आठवा मुळासकट आला, दाढेसारखा.
नववा तुटला.

तुटताना फार आवाज होत नाही.
हातातला पाना एकाएकी हलका होतो
आणि पोटात काहीतरी जड.
एकतीस वर्षं मी निकेलच्या भट्टीवर काढली.
वितळलेल्या धातूनं कधी रडवलं नाही.
रडवलं ते थंड लोखंडानं.

पलीकडचा तोइवो वेल्डिंगचं मशीन ढकलत आला.
त्याला विचारावं लागत नाही,
त्याला थांबवावं लागतं.
उरलेल्या थोटकावर त्यानं नवा नट चिकटवला,
लालबुंद झाला तसा म्हणाला, मेण.
मॅरिएल धावत आत गेली,
वाढदिवसाची अर्धी जळकी मेणबत्ती घेऊन आली.
टेकवली.
मेण सरळ आत, आट्यांमध्ये,
तहानेला पाणी जावं तसं.
मग पाव फेरा पुढे, पाव मागे,
पाव पुढे…
कुणीच बोलत नव्हतं.
निघाला.
तोइवोनं तो खिशात टाकला. का, कोण जाणे.

नवीन गॅस्केट. मग हेडर.
मधून सुरुवात कर, मी तिला सांगितलं,
मग बाहेर बाहेर.
आधी सगळे हलके.
एकालाच आवळत बसलीस तर बाकीचे रुसतात.
तुझ्या आईचंही असंच…
असू दे. तो पाना दे.

सुरू करण्याआधी स्पिरिटनं पुसून घ्यायचं,
नाहीतर बोटांचं तेल तापून स्टीलवर कायमचं बसतं.
तिनं पुसलं. मी पुन्हा पुसलं.
किल्ली फिरवली.
जरासा धूर. टिकटिक नाही.
नळ्या आधी गव्हाळ झाल्या, मग कडेला जांभळट.
आणि तिसऱ्या नळीच्या वळणावर
हळूहळू एक अंगठा उमटला,
रेघ न् रेघ मोजावी असा.

माझा, मी म्हटलं.
माझा, ती म्हणाली.
तोइवोनं आपलाही अंगठा उजेडात धरून बघितला.

खालचा पत्रा अजून खडखडतो.
शंभर किलोमीटर झाले की सगळे नट परत आवळायचेत.
रविवारी ये म्हटलंय.