मधली खाच

वेग चढताना काही नाही.
वेग उतरताना, पंचेचाळीस मैलांच्या आसपास
हँडल नाही म्हणतं.
आधी बारीक, चाळणीत पीठ हलवावं तसं,
मग पार कोपरापर्यंत.

पेइओ म्हणाला, टायर बदल. बदलला.
हवा पाहिली, स्पोक एकेक वाजवून पाहिले,
दोन बद्द बोलले, ते ताणले.
मागची पेटी उतरवून
आठवड्याचा बाजार पाठीवर आणला.
थरथर तशीच.
मग घट्ट धर, पेइओ म्हणाला.
घट्ट धरलं की ती वाढते, हे त्याला
दीडशे मैलांवरच्या खाणीत फोनवरून कसं पटवायचं?

शेवटी ऑर्व्हल टिबेट्स आला, घरातल्याच सपाता घालून.
रेल्वेच्या शेडमध्ये चाळीस वर्षं,
दोन्ही कान तिथेच ठेवून आलेला.
इंजिनाखाली दुधाचा क्रेट सारला,
पट्टे तुळईला बांधले, पुढचं चाक अधांतरी.
फिरव, म्हणाला,
आणि ताप पाहावा तसं कपाळ
हँडलच्या दांडीला लावलं.
मी डावीकडून उजवीकडे नेलं, अगदी सावकाश.
मधोमध त्याच्या भुवया उचलल्या.
इथे. खाच आहे.
माझ्या धडधाकट कानांना काहीच कळलं नव्हतं.

मडगार्ड, चाक, ब्रेकची नळी तारेनं टांगलेली,
मग फोर्क, आणि कोनसेट हातात आला.
ग्रीस कधीच संपलेलं. होती ती तपकीर,
शिंक यावी इतकी कोरडी.
खालची वाटी पुसली तर
पोलादात ओळीनं खळगे,
मेंढ्या एकाच जागी बसून बसून
माती खोलगट करतात तसे.

तू वळतेस कुठे? ऑर्व्हलनं विचारलं.
मी आठवू लागले.
अकरा वर्षं सकाळी दक्षिणेला, शाळेच्या स्वयंपाकघरात,
संध्याकाळी उत्तरेला, घरी.
मध्ये सेजब्रश, खाऱ्या मातीची पांढरी पट्टी,
गुरांसाठी रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी,
तिच्यावरून दर वेळी एक दणका,
दर वेळी हँडल सरळ,
दर वेळी त्याच गोळीखाली तीच जागा.

जुनी वाटी निघायला अडीच तास लागले
आणि आजोबांच्या बास्क भाषेतल्या दोन शिव्या,
ज्या ते फक्त मेंढ्यांना देत.
नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये,
कोकराच्या तंगड्यांच्या मधे.
सकाळी त्या आखडल्या होत्या,
तीन ठोक्यांत आत. चौथ्याला आवाज बदलतो.
ऑर्व्हलला तो तळपायातून कळला,
बस, म्हणाला, माझा हात वरच असताना.

तळहातावर ग्रीसचा गोळा,
त्यात बेअरिंग दाबायचं, फिरवायचं, दाबायचं,
पलीकडून गांडूळ वर येईपर्यंत.
मग नट. आवळ. अजून.
आता सोड. एवढं नाही.
हँडल एका बोटानं ढकललं तर
आपल्याच वजनानं बाजूला पडलं पाहिजे,
झोपलेल्या माणसाच्या हातासारखं.
पहिल्यांदा पडलंच नाही.
दुसऱ्यांदा धपकन.
पाचव्यांदा ऑर्व्हल काही बोलला नाही,
उठून हात धुवायला गेला.

रविवारी मोकळ्या रस्त्यावर साठला नेली,
थ्रॉटल सोडला, तळवे दोन इंच वर उचलले.
पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीस.
पंचेचाळीस आलं आणि गेलं,
जसं कुठल्याही गावावरून जावं.
पण वारा आला की चाक जरा डावीकडे,
जरा उजवीकडे, विचारत असल्यासारखं.
मधे आणून बसवणारं आता कुणी नव्हतं.

रात्री पेइओचा फोन. गेली थरथर?
गेली.
मग आता कशी चालते?
सरळ जायला लक्ष द्यावं लागतं, मी म्हटलं.
म्हणजे सैल राहिलाय नट, तो म्हणाला,
पुन्हा आवळ.
मी बरं म्हटलं,
आणि पाना खिळ्यालाच राहू दिला.