बेचव

रंकाळा स्टँडवर गाडी सुटायच्या आत
दोन बाटल्या संपलेल्या असायच्या माझ्या.
हिंदुराव आरशातून बघायचा, बोलायचा नाही.
तळ्याकडं बघायचंच सोडलं होतं मी,
एवढं पाणी समोर, आणि टाळ्याला चिकटलेली जीभ.

प्यायचं, उतरायचं. प्यायचं, उतरायचं.
पापाच्या तिकटीला मुतारी आहे, पुरुषांची.
म्हणून भांडीवाल्या कोष्टीकाकूंचं घर.
पुढं पेट्रोल पंप.
मार्केट यार्डाजवळ शाळेची शिपाईण,
तोंड वाकडं करून किल्ली द्यायची.

"साखर असंल," सगळे म्हणाले.
गुळाच्या गावात दुसरं काय सुचणार?
सासूनं कारल्याचा रस सुरू केला.
रिपोर्टात साखर नव्हती.
छातीच्या फोटोत गाठी होत्या,
म्हणून सात महिने टीबीच्या गोळ्या.
लघवी लाल झाली. कमी नाही झाली.

मग बारगीर डॉक्टरीणबाईंनी पॅडवर मेंदू काढला.
हाडाचं एवढंसं खोगीर, त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्या देठाशी गाठ, फुप्फुसातल्याच जातीची.
"सारकॉइडोसिस. का होतो, आम्हालाही ठाऊक नाही."
आणि या तहानेचं नाव?
"जुने वैद्य चाखून बघायचे.
एकाची गोड, एकाची बेचव. तुमची बेचव."
मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी.

सीपीआरला पहाटे सहापासून पाणी बंद.
तासातासाला वजनकाटा.
व्हरांड्यात कुणीतरी डबा धूत होतं, सावकाश, नळ सोडून.
शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तांब्या पुढं केला,
मी हात पाठीमागं बांधले.
दोनला पावणेदोन किलो उतरले होते
आणि बाटलीत अजून नळाचंच पाणी.
मग नाकात एक फवारा.
पाच वाजता पिवळी झाली.
पिवळी! सिस्टरला बाटली उजेडात धरून दाखवली,
पहिल्या पगाराची नोट दाखवावी तशी.

गाठींच्या गोळ्यांनी तोंड गरगरीत झालंय.
फवारा डेपोसमोरच्या सोडावाल्याच्या फ्रिजात,
लिंबांच्या मागं, नाव लिहिलेल्या डबीत.
"सवयीनं पिऊ नका, तहान लागली तरच,"
बाई बजावतात.
हात बाटलीकडं जातोच.

परवा नवी पोरगी आली ड्यूटीला, गवंड्यांची.
फेरीआधी हळूच म्हणाली,
"मॅडम, मधे जायचं झालं तर?"
तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलं.
कोष्टीकाकू. पंप, मागल्या बाजूनं.
शाळेची किल्ली शिपायणीकडं.
तोंड वाकडं करंल. घे तरी.