कुळवलेली वाळू

बेटावर संध्याकाळी आठनंतर समुद्र बंद व्हायचा.
म्हणजे पाणी चालूच असायचं, लाटा येत-जात,
पण आपण जायचं नाही.
ट्रॅक्टर यायचा, मागे फणांचा कुळव,
किनारा कुळवून जायचा या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जसं काही पेरायचंय वाळूत.
पेरायचं काही नसे. सकाळी दोन सैनिक कुत्रा घेऊन
वाळू वाचत जायचे:
कुणाचं पाऊल उमटलंय का,
आलेलं की गेलेलं.

सारेमा, एकोणीसशे अडुसष्ट. मी सात वर्षांची.
किल्लू तेव्हा आमच्याकडेच राहायचा,
लाकडं रचायच्या खोपटात, बर्चच्या ढिगामागे.
किल्लू म्हणजे आमच्या भाषेत कपची.
नाव मी ठेवलं की त्यानंच सांगितलं, आठवत नाही.
चेहराही नाही आठवत, खरं सांगायचं तर.
आठवतं ते असलं काहीतरी:
त्याला शेपू चालायचा नाही.
त्याला ओल्या लोकरीचा वास यायचा.
डाव्या पायात तो माझा बूट घालायचा, उजवा अनवाणी,
आणि त्याला वजन नव्हतं.

वजन नव्हतं म्हणून तर तो जाऊ शकायचा.
रोज रात्री कुळवलेल्या वाळूवरून थेट पाण्यापर्यंत,
पाण्यावरून पलीकडे, स्वीडनला,
आणि उजाडायच्या आत परत.
सैनिकांना मागमूस लागायचा नाही.
शाळेत जाताना मी वाळूकडे बघायचे:
एकही रेघ मोडलेली नाही.
याहून मोठा पुरावा काय असतो?

वडील म्हणायचे, पोरीला हे खूळ कुठून लागलं,
बाहेर बोलली तर आपली धडगत नाही.
आई काही म्हणायची नाही.
बटाटे सोलता सोलता विचारायची,
आज काय म्हणाला किल्लू?

मी सांगायचे. तिकडे समुद्र रात्रीही उघडा असतो.
एका बाईनं त्याला संत्रं दिलं,
त्यानं ते सालीसकट खाल्लं.
आई ऐकायची. सुरीखाली बटाट्याची साल
लांबत जायची, तुटायची नाही.

एकदा तिनं दार लावून घेतलं.
म्हणाली, विचार त्याला,
एल्मार नावाचा माणूस दिसतो का कुठे.
उंच आहे. जरा फेंगडा चालतो.
एल्मार कोण, मी विचारलं नाही.
तिच्या आवाजातच होतं की विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं: दिसला.
बंदरात. पिवळ्या सायकलवर.
आई चुलीकडे वळली
आणि दूध उतू गेलं तरी तशीच उभी राहिली.

मग दर आठवड्याला एल्मार.
एल्मारनं घर रंगवलं. एल्मारला पडसं झालंय.
एल्मारची सायकल पंक्चर झाली, तेव्हा आई हसली,
मोठ्यानं, तोंडावर हात न धरता.

किल्लू दमायचा. मी आठ वर्षांची झाले
तेव्हा कधीतरी तो जायचाच थांबला,
किंवा गेला आणि तिकडेच राहिला.
आईला मी हे सांगितलं नाही. बातम्या देत राहिले आणखी वर्षभर.
खोटं बोलले मी ते एवढंच. त्याआधीचं नव्हे.

सीमा उघडली त्या वर्षी पत्र आलं,
पलीकडच्या कुणा म्हाताऱ्याचं, थरथरत्या अक्षरातलं.
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात तीन नावा निघाल्या होत्या.
दोन पोचल्या.
एल्मार तिसरीत होता. आईचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा.

आईनं पत्र दोनदा वाचलं, पावाच्या डब्याखाली ठेवलं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
पिवळी कुठून आणलीस गं तू?

मी तिशीची बाई, दोन पोरांची आई,
म्हणाले, किल्लूनं सांगितलं होतं.
तिनं मान हलवली, पटल्यासारखी,
आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

आता किनारा उघडा असतो. कुळव गंजलाय,
संग्रहालयवाल्यांनी मागितलाय म्हणे.
वाळूभर पावलं, कुणाची कुणाला ओळखू येत नाहीत.
मी कधीतरी पहाटे जाते.
रात्रीच्या वाऱ्यानं जिथे वाळू सारखी करून ठेवलेली असते
तेवढ्या तुकड्यावर मात्र पाय देत नाही.