लोखंड लावू नका

दीपश्रीनं बेळगावच्या गाडीनं पाठवली,
कंडक्टरच्या पायाशी, लोणच्याच्या जुन्या बरणीत.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तिचं अक्षर :
केफिर. बाबा, लोखंड लावू नका.

आता उद्यमनगरात राहून
लोखंड लावू नका म्हणजे काय करायचं?
चाळीस वर्षं माझ्या उशीच्या अभ्र्यात
शेजारच्या फाउंड्रीची काळी वाळू आहे.
खिडकीची जाळी लोखंडाची, तवा लोखंडाचा,
फक्त रक्तात तेवढं कमी आहे म्हणतात डॉक्टर.

बरणी उघडली.
फ्लॉवरचे बारके तुरे दुधात बुडालेले,
बोटानं दाबले की दबणारे, सोडले की फुगणारे.
वास ताकाचा, आणि ताकाच्या मागं
गुऱ्हाळ बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी
कढईला येतो तसला.

मी पॅटर्न मेकर. म्हणजे होतो.
सागवानाचा पंप करायचा, सागवानाचं चाक,
ते वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं,
राहिलेल्या पोकळीत दुसरा कुणी लोखंड ओतायचा.
माल गाडीत बसून जायचा पुण्याला,
लाकूड परत फळीवर.

फळीवर एक तुकडा शिल्लक होता.
त्याचा चमचा कोरला.

गंगावेशीतून दूध, डोळ्यांसमोर धार काढलेलं,
निवू द्यायचं, दोन चमचे दाणे, वर फडकं.
उद्या गाळायचं. परत नवं दूध.
पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं झालं,
दुसऱ्यात झोप लागायला लागली,
तिसऱ्यात दाणे दुप्पट, बरणी पुरेना.

मग वाटत सुटलो.
तालमीतल्या हर्षद इंगवल्याला दिले, त्यानं बदाम घातले.
अल्ताफ शिकलगारनं सोड्याच्या बाटलीत बूच ठोकलं
आणि स्वयंपाकघराचं छत पांढरं करून घेतलं.
मेव्हणीनं सोडले उकळत्या दुधात,
संध्याकाळी फोन :
भावजी, तुमचे दाणे काय बोलंनात बगा.
प्रत्येकाला दाण्यांबरोबर एक चमचा.
दाणे मेले तरी चमचा कुणी परत केला नाही.

खालच्या मजल्यावर पद्मलता मगदूम.
दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या,
कांद्याबटाट्याला हात न लावणाऱ्या.
त्यांनी बरणी उजेडात धरली, विचारलं,
जीव आहे यात?
आहे, म्हणालो. खोटं कशाला बोलायचं.
बरणी टेबलावर ठेवली, पदर सावरला,
चहा न घेता गेल्या.

भाद्रपदात डोळ्याचं ऑपरेशन निघालं, बेळगावला, पंधरा दिवस.
बॅग भरून दारात उभा, रिक्षा खाली,
आणि मगदूमबाई जिन्यात.
द्या इकडं ती बरणी.
मी पिणार नाही, शिवायचं तेवढं शिवीन.
पण उपाशी कसं ठेवायचं?

परत आलो काळा चष्मा लावून.
दाणे इतके टपोरे माझ्या हातून कधी झाले नव्हते.
बरणीखाली वहीचं पान :
तारीख, दूध अर्धा कप, वेळ पावणेसहा.
तारीख, दूध अर्धा कप, वेळ पावणेसहा.
पंधरा ओळी.
आधी त्यांचं दूध, मग स्वतःचं ताट.

तयार झालेलं काय केलंत?
वॉचमनला दिलं. एक दिवस तो आला नाही,
त्या दिवशी मांजराला.

आणि गाळलंत कशानं?
त्या हसल्या, पहिल्यांदाच.
माहेरी शिरोळकडं विहिरीचं पाणी गाळायचो आम्ही,
दुपदरी फडक्यानं.
गाळण्यावर जे राहील
ते झटकायचं नाही,
ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत
कळशी अलगद बुडवून सोडायचं.
तसंच केलं. वेगळं काय करायचं होतं?

बरणी वर आणली.
चमचा त्यांच्याकडंच राहिला,
मागायला जीभ उचलली नाही.
फळी धुंडाळली, सागवान संपलंय.
आंब्याची एक ढलपी आहे, थोडी वाकडी.