कानाला एकच, डोळ्याला दोन

शाळेत आजी म्हटलं की तिला ऐकूच येत नसे.
"बाई म्हण," शेजारची नोल्फा कुजबुजायची,
मग मी उभी राहून म्हणायचे, बाई,
माझी पेन्सिल चुलीत पडली.
कुठल्या चुलीत, ती विचारायची,
जणू त्याच चुलीवर सकाळी
तिनेच माझे ओले मोजे वाळवले नव्हते.

घरी परतताना मेंढ्यांचं फाटक ओलांडलं
की हात धरायची.
तिथून पुढे आजी.

चिलोए बेटावर बटाटे निळे असतात, जांभळे,
काही म्हाताऱ्या बोटांसारखे वाकडे.
बेरीज आम्ही त्यांच्यावरच शिकलो.
भागाकार आला की ती सुरी काढायची,
आणि बाकी उरेल ते उकडून खायचो.
अजून कुणी बाकी किती विचारलं
की मला आधी भूक लागते.

मामा दोघंही पातागोनियात गेले, मेंढ्या कातरायला.
वर्षातून दोनदा पत्र.
ती चष्मा पुसून वाचायची, पुन्हा वाचायची,
आणि लाल शाईने चुका दुरुस्त करून
तेच पत्र परत पाठवायची.
समासात लिहायची:
बाळ, ब आणि व कानाला एकच, डोळ्याला दोन.
पैसे मिळाले. छातीला लोकर बांध.

ओनोफ्रे मामा सांगतो,
बराकीत सगळे पोट धरून हसायचे.
मग दिवे मालवल्यावर एकेक जण
अंधारात चाचपडत यायचा, हातात कागद:
हेही पाठव ना रे तुझ्या आईला.

साठ सालचं तिने स्वतः कधी सांगितलं नाही.
इतरांनी सांगितलं.
मे महिना, थंडी, रविवारची दुपार.
जमीन हलायची थांबली आणि समुद्र मागे सरला,
इतका मागे, की लोक टोपल्या घेऊन
उघड्या पडलेल्या शिंपल्या वेचायला धावले.
तेवढ्यात वर टेकडीवर
शाळेची घंटा सुरू झाली.
रविवारी!
पोरं शिव्या घालत चढली, पण चढली,
कारण समुद्राची भीती कुणालाच नव्हती,
बाईंची होती.
पोरांमागे आया. आयांमागे बाप, भांडायला.
भांडण सुरू व्हायच्या आत
पाणी आलं.

तीन पोरं आली नव्हती.

पुढे तीस वर्षं हजेरी घेताना
काही नावांनंतर ती थांबायची,
एका श्वासाइतकी.
नव्या पोरांना वाटे, बाईंना दम लागतो.
मलाही तेच वाटायचं.
मी तर घरून तिच्यासाठी मधाची बाटली न्यायचे.

आज प्रार्थनेची नववी रात्र.
स्वयंपाकघरात वाफ, अंगणात ओल्या घोंगड्यांचा वास,
आणि साठीचे बाप्ये बाकांवर
पाठ ताठ, हात गुडघ्यांवर,
कुणी तरी नाव पुकारेल म्हणून बसलेले.

रोसामेल सुतार क्रॉस घेऊन आला.
सायप्रसचं लाकूड, सुबक अक्षरं, पांढरा रंग,
आणि एदुविना या नावात
व च्या जागी ब.

कुणी काही बोललं नाही.
मग कोपऱ्यात नोल्फाला हसू फुटलं,
आणि ते बाकाबाकावरून पसरत गेलं,
रोसामेलचे कान लाल,
आठ वर्षांच्या पोराचे व्हावेत तसे.

ओनोफ्रे मामा उठला, होड्यांच्या छपरीत गेला,
नावेच्या तळाचा लाल रंग घेऊन आला.
ब वर एक तिरकी रेघ.
वर, नीट, व.

"मी उद्या नवीन करतो," रोसामेल म्हणाला.
"राहू दे," आई म्हणाली. "असंच राहू दे."

रंग ओला होता.
रात्रभर क्रॉस चुलीपाशी टेकवून ठेवला,
माझ्या मुलाच्या मोज्यांशेजारी.