नाव काढणारा

आई म्हणायची, आल्टामंट नाव काढील.
काढली.
किती, ते मोजलं नाही. दोन वर्षं, रोज रात्री,
मिस्टर पिनॉकच्या परसात नीरफणसाखाली
कंदील पायांत धरून
अर्ध्या पेनीच्या कडेने खरवडत बसायचो
तबकडीच्या पोटावरचा कागद.

कारण साधं होतं.
गाणं आमच्याकडे आधी आलेलं असायचं.
आणि नाच भरात आला की
पलीकडच्या गल्लीतला ग्रॅनव्हिल पोरं पाठवायचा,
टर्नटेबलवर वाकून बघायला:
कोणाचं, कुठल्या स्टुडिओतलं.
त्यांना दिसायचा फक्त एक पांढरा व्रण, गरगर फिरणारा.
तेच गाणं शनिवारी ग्रॅनव्हिलकडे वाजलं असतं
तर पिनॉकची बिअर कोण प्यायलं असतं?

हे काम मलाच का, ते उशिरा कळलं.
बाकीची पोरं शाळेत जाऊन आलेली.
मी अक्षरशत्रू.
ज्याला वाचता येत नाही तो फुटत नाही,
असं पिनॉक कोणाला तरी म्हणाला होता, माझ्यासमोरच.

काल एक माणूस आला. ओसाकाहून. नाओफुमी.
पिशवीतून दुपटं काढलं, दुपट्यातून रेकॉर्ड.
स्पॅनिश टाउनला कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली म्हणाला,
फटीला ठिगळ म्हणून ठोकलेली,
खिळा मधल्या भोकातूनच गेलेला, देवाची कृपा.
जगात ही एकच उरली असावी.
तिच्यापायी त्याने मोटरसायकल विकली.

सुई टेकवली.
आधी खरखर, तापल्या तव्यात मासा सोडल्यासारखी.
मग बास, जो कानाला नाही,
गुडघ्यांना आधी कळतो.
मग गिटार, दोन ठोक्यांमधल्या
रिकाम्या जागीच पाय टाकणारी.
मग ती.

सतराची असेल. फार तर अठरा.
दुसऱ्या कडव्यात, वरच्या सुरावर जाताना,
तिला ठसका लागतो.
टेप महाग, दुसऱ्यांदा कोण घेतंय,
तसंच छापलं.
आणि आमच्याकडे, पत्र्याच्या कुंपणाआत,
कपाटाएवढ्या स्पीकरांसमोर दोनशे माणसं
तिथे आली की तिच्याबरोबर खोकायची,
एकदम, तालात,
बाया तोंडावर रुमाल धरून, हसत.

मीही खोकलो. काल. बरोबर तिथेच.
नाओफुमी घाबरून पाणी घेऊन आला.

नाव काय तिचं, म्हणाला.
पन्नास वर्षं लोक या खोकल्याला शोधतायत,
जिवंत असेल तर तिचे पैसे तिला मिळायला हवेत.
चांगला मुलगा आहे. नखं स्वच्छ.
मी रेकॉर्ड हातात घेतली. व्रणावरून बोट फिरवलं.
माझाच हात होता तो. डावखुरा,
सगळे ओरखडे उलटीकडे पडलेले.

आता वाचता येतं मला.
चाळिशीत, चर्चच्या हॉलमध्ये,
मिस इव्हाडनीने शिकवलं.
ए बी सी करत जे पर्यंत आलो आणि अडलो.
ती म्हणाली, पुढे.
मला वाटत होतं, हा गळ कुठेतरी पाहिलाय,
मासा धरायचा गळ,
पुसायला इतका जड गेलेला
की नाण्याने अंगठ्याला घट्टा पाडला.

हे मी त्याला जमेल तसं सांगितलं.
त्याने वही पुढे केली, पेन्सिल दिली.
आठवेल तेवढं लिहा.

मी गळ काढला.
थांबलो.
काहीच लागलं नाही.

शेजारच्या घरात कोणीतरी नारळ खवत होतं.
गाणं केव्हाच संपलेलं,
सुई व्रणाच्या काठाशी येऊन
पुन्हा पुन्हा आपटत होती.
उचलू का, म्हणाला.
म्हटलं, पहिल्यापासून लाव.
खोकल्यापर्यंत तरी.